कबुलीजबाब

मध्ययुगीन युरोपातील ‘टेंपलर’ या धर्मबंधुसंघाच्या खटल्यावरील मॅल्कम बार्बर यांचे पुस्तक मी हाती घेतले ते व्यापारी कुतूहलाने. यात्रेकरूने एका मठात रक्कम ठेवावी, पत्र दाखवून दुसरीकडे घ्यावी. आपली हुंडीच ती! फ्रान्सच्या राजाचा खजिनाही यांच्याच पॅरिसच्या मठात असे. त्याच चौथ्या फिलिपने महिनाभर आधी गुप्त आज्ञा धाडून १३ ऑक्टोबर १३०७ रोजी संघाच्या लोकांस एकाएकी धरले. पॅरिसमध्ये १३८ जणांच्या जबान्या झाल्या. चौघांखेरीज सर्वांनी अपराध कबूल केला. छळापुढे आणखी काय होणार? पुढे १३१० मध्ये जबानी फिरवणाऱ्या ५४ जणांना जाळण्यात आले.

येथे मी पुस्तक मिटले. वीस वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर रोकड कमी भरली, तेव्हा दिवाणजींना मी मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवले होते. अखेर त्यांनी हात जोडून ‘चूक झाली’ म्हटले. चार दिवसांनी नोटांचे पुडके माझ्याच कपाटातील खतावणीत निघाले. तोवर ते गाव सोडून गेले होते.

दर संवत्सरीला मी शेकडो जणांची क्षमा मागतो. यंदा प्रथमच त्यांच्या मुलाचा पत्ता मिळवला आहे. पत्र लिहून झाले आहे. अजून टाकलेले नाही.