आधी ब्रेक, मग इंजिन

मुंबई-नाशिक हायवेवरच्या खर्डीत, माझ्या शेडमध्ये, जुन्या गाडीच्या कामाचा निम्मा क्रम पाऊसच ठरवून देतो. जून ते सप्टेंबर इथे रंगाची गन हातात धरण्यात अर्थ नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग पांढरट मारतो. संध्याकाळी घासून उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो, पुन्हा घासा. म्हणून पावसाळा इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, वायरिंगचा. पत्र्याला हात दिवाळीनंतर आणि रंग होळीच्या आगेमागे. मे महिन्यात जीप आणून ‘गणपतीत चालवायचीय’ म्हणणाऱ्या मालकाला मी आधी हे पंचांग वाचून दाखवतो.

उरलेला निम्मा क्रम पैशावर. मालक हौसेने गाडी पुरती खोलायला लावतो, मग घरात लग्न निघतं नाहीतर विहीर खणायची असते, आणि काम थांबतं. चेसिस एका कोपऱ्यात, बॉडी गोठ्यामागे, सगळे नटबोल्ट तेलाच्या एकाच डब्यात. अशी गाडी पुढे भंगाराच्या भावानेच जाते. म्हणून माझा हट्ट असा, की काम कुठल्याही दिवशी थांबलं तरी गाडी चार चाकांवर ढकलता आली पाहिजे. पुढचा अ‍ॅक्सल खोलला तर तो जोडल्याशिवाय मागच्याला पाना लावायचा नाही. फोटो, चिठ्ठ्या, पिशव्या हे तर आहेच.

खोलण्याआधी मात्र इंजिन चालत असेल तर चालवून ऐकावं. ऑइलचं प्रेशर किती, कुठल्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही, कुठला गिअर उडतो, हे जोडलेली गाडीच सांगते. जाम असेल तर प्लगच्या भोकांतून ऑइल सोडून काही दिवस तसंच ठेवायचं आणि मग हँडल हलक्या हाताने फिरवून बघायचं. जोर लावला की रिंगा तुटतात.

आमच्याकडे येते ती जीप बहुतेक उंच बोनेटची, विलिसने १९५३ साली काढलेली आणि महिंद्राने परवान्यावर पुढे कित्येक वर्षं बनवलेली सीजे-३बी. तिचं हरिकेन इंजिन चमत्कारिक. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. नुसतं हेड उतरवून मशीनवाल्याकडे दिलं तर निम्मंच काम होतं; सीट बसली असेल तर अख्खा ब्लॉक न्यावा लागतो आणि तिथे आठवडे जातात. तेव्हा दुसऱ्याच्या हातात जाणारं काम सगळ्यात आधी रवाना करावं. वाट बघण्याचे दिवस आपल्या ताब्यात नसतात.

ब्लॉक गेला की मी ब्रेकला बसतो. पुष्कळ मेकॅनिक आधी इंजिन बांधतात, कारण ते गुरगुरलं की मालक खूश होऊन पुढचे पैसे देतो. मला ते पटत नाही. इंजिन लागलं की कोणालाच राहवत नाही, ‘हायवेला एक चक्कर मारू’ म्हणतात. आमचा हायवे म्हणजे मुंबई-नाशिक, कंटेनरची रांग आणि पुढे कसाऱ्याचा घाट. त्या जिपेला मास्टर सिलिंडर एकेरी. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पाइप, होज, व्हील सिलिंडरची रबरं तपासत बसायचं नाही, सरळ नवीन टाकायची. त्याबरोबरच स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश आणि शॅकल. हे झाल्याशिवाय इंजिन चेसिसवर चढत नाही.

फियाटचा क्रम वेगळा. जिपेला शिडीसारखी चेसिस, वर बोल्टने बसवलेली बॉडी. फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, हिला वेगळी चेसिसच नाही, भार पत्राच पेलतो. दारांखालचा कुजलेला पत्रा दोन्ही बाजूंनी एकदम कापला तर गाडी मध्ये बसते आणि दारं पुन्हा कधी धड लागत नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करायचा, मग एक बाजू पुरी करायची, मग दुसरी.

रंगाआधी बोनेट, मडगार्ड, दारं सगळं एकदा बसवून फटी बघायच्या, वायरिंगची भोकं पाडून घ्यायची आणि पुन्हा उतरवायचं. मालकाला हे काम दोनदा केल्यासारखं वाटतं. रंग मारल्यावर ड्रिल चालवणाऱ्या पेंटरला मी शेडमध्ये घेत नाही.

या सगळ्याच्याही आधी कागद. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि निम्म्या पेट्रोल जिपांना तर कोणीतरी कधीच डिझेल इंजिन चढवलेलं असतं. आरसीवर त्याची नोंद आहे का, हे पाना हातात घेण्याआधी बघा. चेसिसवर ग्राइंडर चालवण्याआधी नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या आणि नंबरावर जाड पट्टी चिकटवा. तो आकडा एकदा घासला गेला, तर आरटीओत सगळी मेहनत फुकट जाते.