तीन स्टेशनांचे गाव

परक्या गावी गेलो की मी आधी स्टेशनचा रस्ता विचारून ठेवतो. स्टेशन सापडले की परतीची काळजी मिटली, असा माझा एक भाबडा समज आहे. मुलीकडे ब्रिस्टलला गेलो असताना एका सकाळी बसने मेंडिपच्या टेकड्या ओलांडून वेल्स येथे गेलो, तेव्हा हाच समज मला अडचणीत घेऊन आला.

वेल्स हे म्हणायला शहर. वस्ती अकरा-बारा हजारांची, आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. पण कॅथीड्रल असल्यामुळे मान शहराचा. कॅथीड्रलमधल्या जुन्या घड्याळावर दर पाव तासाला घोडेस्वार झुंजतात आणि त्यांतला एक दर खेपेला आडवा होतो. ती गंमत पाहून बाहेर आलो आणि एका वृद्ध गृहस्थांना स्टेशन विचारले. ते हसून म्हणाले, "आता एकही नाही. माझ्या पणजोबांना विचारले असतेत, तर त्यांनी उलट विचारले असते, तिन्हींपैकी कोणते?"

मग बाकावर बसून त्यांनी सारी हकीकत सांगितली. १८५९ साली ग्लास्टनबरीहून पहिली गाडी आली. तिचे स्टेशन प्रायरी रोडला. १८६२ साली शेप्टन मॅलेटकडून दुसरी कंपनी आली. तिने जवळच आपले वेगळे स्टेशन बांधले. १८७० साली चेडरच्या खोऱ्यातून तिसरी आली आणि तिने टकर स्ट्रीटला तिसरी चूल मांडली. पूर्वेची गाडी सरळ पश्चिमेला जाईना, कारण मधली जागा पहिल्या कंपनीची. त्यातून रुळांची रुंदीही निराळी: हिची चार फूट साडेआठ इंच, तर त्या दोघींची सात फुटांहून किंचित अधिक!

पुढे ते दोन्ही मार्ग ग्रेट वेस्टर्न कंपनीकडे गेले, रुंदी सारखी झाली आणि १८७८ पासून गाड्या आरपार धावू लागल्या. दुसरे स्टेशन उतारूंसाठी बंद झाले. या गाड्या प्रायरी रोडच्या स्टेशनातूनच जात; पण तिथे थांबत मात्र नसत! गाडी बदलायची असेल त्याने टकर स्ट्रीटला उतरावे आणि सामान उचलून चालू लागावे. गाडी तिथे थांबू लागली ती १९३४ साली. म्हणजे छप्पन्न वर्षांनी.

मी हसलो खरा. पण हसू ओठांवरच राहिले. मला आमचे गावचे घर आठवले. वडिलांच्या मागे आम्ही दोघा भावांनी माजघरात भिंत घातली. आई माझ्या बाजूला राही. दिवाळीत फराळाचे ताट पदराखाली झाकून ती बोळाला वळसा घाली आणि धाकट्याच्या दाराशी जाई. मध्ये एक विटेची भिंत, आणि म्हातारीला शंभर पावलांचा फेरा! तिच्यासाठी भिंतीत एक दार ठेवावे, हे दोघांनाही सुचले नाही. सुचले असेल, तरी आधी बोलायचे कोणी?

वेल्सची ग्लास्टनबरी शाखा १९५१ साली बंद झाली. १९६३ च्या सप्टेंबरात उरलेल्या मार्गावरचीही उतारूंची गाडी गेली. चेडरच्या स्ट्रॉबेऱ्या ज्या वाटेने जात, तिच्यावर यॅटनपासून चेडरपर्यंत आता लोक पायी आणि सायकलीवर फिरतात. भांडणापायी रेल्वे गेली, असे मी म्हणणार नाही. मोटारींपुढे गुण्यागोविंदाने चाललेले कितीतरी मार्गही बुडाले. पण गाडी होती तेव्हाची छप्पन्न वर्षे फुकट गेली, ती काही मोटारींनी नेली नाहीत.

आमच्या घरालाही आता दोन्ही बाजूंनी कुलपेच आहेत. आई नाही. आम्ही दोघे दोन शहरांत.

त्या रात्री ब्रिस्टलहून धाकट्याला फोन लावला. किती वर्षांनी, ते सांगायची लाज वाटते. म्हटले, "यंदा दिवाळीला गावी जाईन म्हणतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दादा, तुझ्या बाजूचे छप्पर गळते आहे. मी मागल्या पावसाळ्यात पाहून आलो. आधी माझ्या बाजूला उतर."