आधी पाय, मग मन

आई श्रावणात गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात माझा सगळा दिवस तिच्या वेळांवर चालायचा. उजाडताच उपाशीपोटीची गोळी, मग अंग पुसणं, दहाला पेज, दुपारी कूस बदलून पाठीला पावडर, रात्री दोनदा उठणं. ती गेली आणि ते वेळापत्रक एका दिवसात संपलं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग नवरा कामावर, मुलगी बंगळुरूला, आणि मी दादरच्या आमच्या दोन खोल्यांत, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आईसाठी मी शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, त्यामुळे परतायला तीही जागा उरली नव्हती.

दिवाळीपर्यंत केस विंचरणंसुद्धा नकोसं झालं. पहाटे तीनला झोप उडायची. फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह सगळं तपासून घेतलं. त्यात काही सापडलं नाही. त्यांनी पालिकेच्या एका रुग्णालयात मानसोपचार विभागात पाठवलं. केसपेपरला नाममात्र पैसे पडले. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, आत्ता गोळ्यांची गरज दिसत नाही, पण समुपदेशकाकडे पंधरा दिवसांनी येत राहा.

समुपदेशक माझ्या मुलीच्या वयाची. तिने रेघा मारलेला एक कागद पुढे ठेवला. ‘‘काकू, दर तासाला काय केलंत ते यात लिहायचं. शेजारी दोन आकडे, दहापैकी. करताना बरं किती वाटलं, हा पहिला. काहीतरी पार पाडलं असं किती वाटलं, हा दुसरा. सध्या एवढंच.’’

त्या तक्त्याने मला जे दाखवलं ते कुणाच्या सांगण्यावरून पटलं नसतं. आडवं पडून फोन बघण्यात दुपारच्या दुपारी जात होत्या आणि त्यांच्यापुढे एक-दोन असे आकडे पडत होते. गॅसची शेगडी सोडा लावून घासली त्या तासाला ‘बरं वाटलं’मध्ये तीन, पण ‘पार पाडलं’मध्ये आठ. मेथी घेताना भाजीवाल्या मावशींशी बोलणं झालं, त्याला पाच. माझ्या दिवसात अजून पाच शिल्लक आहे, हे मला कागदावर बघूनच कळलं. फोनही फुकट आणि भाजीवाल्या मावशींशी गप्पाही फुकट, पण एकाने फक्त वेळ जात होता आणि दुसऱ्याने मन थोडं वर येत होतं.

पुढच्या खेपेला तिने मला वरचे आकडे मिळालेल्या गोष्टी वेगळ्या काढायला लावल्या आणि म्हणाली, आता यांच्या वेळा ठरवू. मी म्हणाले, ‘‘अगं, जरा बरं वाटू दे, मग करीनच की सगळं.’’ ती म्हणाली, ‘‘काकू, ते उलटं आहे. आधी करायचं. बरं वाटणं मागून येतं. एखाद्या दिवशी नाहीही येत. पण त्याची वाट बघत बसलं तर येतच नाही.’’

हे तिच्या मनचं नव्हतं. पीटर ल्युइन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात ही मांडणी केली. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडलेल्या गोष्टींबरोबर त्यांतून मिळणारं थोडंफार सुखही आटतं, आणि त्यामुळे तो आणखी खचतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येतं. आपल्या शेजारी गोव्यात तर हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं गेलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांबरोबर हा प्रयोग केला. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारी माणसं मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीची सेवाच थोडी सुधारून मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. हे ऐकलं तेव्हा त्या रेघांच्या कागदाबद्दल माझ्या मनात आदर आला.

माझी पहिली ठरलेली गोष्ट होती शिवाजी पार्कचा कट्टा. सकाळी उजाडलं की घराबाहेर. चालायचं किती, हे तिने ठरवूच दिलं नाही. कट्ट्याला हात लावायचा आणि वाटलं तर परत फिरायचं. हात लावून परतलेल्या सकाळीही आहेत. पण बहुतेकदा तिथपर्यंत पोचल्यावर पाय पुढे जात, आणि अर्धी फेरी झाली की डोक्यातलं तेच ते दळण जरा मंदावे. आमच्या खोलीतल्या दिव्याखाली दोन-तीनशे लक्सपेक्षा जास्त उजेड नसेल. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार लक्स असतो. शरीराचं घड्याळ या सकाळच्या उजेडावर लागतं. माझी पहाटे तीनची जाग हळूहळू पाचवर सरकली, तो बदल मी या उजेडाच्या खात्यावर टाकते.

कट्ट्यावर ओळखी होतात त्याही निराळ्या. रोज दिसणारे एक आजोबा हात वर करत. पांढऱ्या बुटांतल्या दोघी जणी ‘‘आज उशीर?’’ विचारत. यांना माझी आई गेल्याचं ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नजरेत कीव नव्हती. जवळच्या माणसांशी बोलताना माझं दुःख मध्ये येऊन बसे. इथे मी नुसती रोज येणारी एक बाई होते, आणि एखाद्या सकाळी आले नाही तर कुणाच्या तरी ते लक्षात येणार होतं.

दुसरी गोष्ट दादरच्या फुलबाजाराची. आईच्या देवपूजेसाठी मी तिथे जात असे; ती गेल्यावर पुडीवाल्याकडूनच फुलं येऊ लागली होती. शनिवारी पहाटे पुन्हा जाऊ लागले. ओला चिखल, डोक्यावर हारे घेऊन ‘‘बाजू, बाजू’’ करत धावणारी माणसं, झेंडूचे ढीग, शेवंती, केळीच्या पानात बांधलेला सोनचाफा. तिथे रेंगाळत उदास राहायला जागाच नाही. बाजूला झालं नाही तर धक्का बसतो. थोडक्या पैशांत पिशवीभर फुलं येत. आमच्या देवघराला त्यातली मूठभर पुरत, म्हणून उरलेली समोरच्या वहिनींना आणि तळमजल्यावरच्या आजींना देऊ लागले. तक्त्यात फुलं आणण्याला सहा आणि देण्याला आठ मिळायला लागले. पुढे वाचनात आलं, की कॅनडात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी लोकांना पाच किंवा वीस डॉलर दिले होते, काहींना स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यांवर खर्च करायला सांगून. दुसऱ्यांवर खर्च केलेले लोक संध्याकाळी जास्त आनंदात होते, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नाही. तळमजल्यावरच्या आजी सोनचाफा हातात घेऊन डोळे मिटत. ते मी पाहिलेलं असल्यामुळे हा निष्कर्ष मला लगेच पटला.

दुपार सर्वांत अवघड. तेव्हासाठी रेडिओ काढला, आईचाच, सेलवर चालणारा. विविध भारती 1957 पासून चालू आहे. आईने तिच्यावर अर्धा जन्म स्वयंपाक केला. फोनवरही गाणी असतात, पण तिथे निवडायला लागतं, आणि खिन्न मनाला निवडणं फार जड जातं. रेडिओवर पुढचं गाणं दुसरं कुणीतरी ठरवतं. नंतर मी गाण्याबरोबर मोठ्याने म्हणायला लागले. पोळ्या लाटताना गायलं की श्वास आपोआप लांब सुटतो, छाती मोकळी होते. सुरात असण्याची अट घरात कुणी घालत नाही.

माघ-फाल्गुनात राणीच्या बागेत गेले. पक्षी-प्राणी बघायला लहानपणी जायचो. या वेळी झाडं बघायला गेले. 1861 सालची ही बाग. तिथे उर्वशी फुललेली होती. लाल-पिवळ्या फुलांचे लांब घोस झुंबरासारखे लोंबत होते, आणि मी कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, तिच्या बुंध्याला कवेत घ्यायला चार माणसं लागावीत. त्या दिवशी परत येताना ठरवलं, की आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाचं नाव शिकायचं. घर ते स्टेशन या वाटेवर सोनमोहर, जंगली बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्ष आणि एक ताम्हण निघाला. वैशाखात तो ताम्हण जांभळा झाला, तेव्हा तो फुलणार हे मला आधीपासून माहीत होतं, मी रोज वर बघत होते. पुढच्या आठवड्यात काहीतरी होणार आहे आणि आपल्याला ते बघायचं आहे, असं वाटणं कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं. पहाटे समोरच्या अँटेनावर दयाळ गायचा. तांबटाची टकटक उन्हं चढेपर्यंत चालायची. दोघेही आधीही असतीलच. आता ऐकू येत होते.

या सगळ्यात मोठे आनंद कुठलेच नाहीत. आईची आठवण कमी झाली असंही नाही. तक्त्यात दहा कधीच पडला नाही. पण सहा-सात आकड्यांचे तीन तास दिवसात असले की उरलेला दिवस सोसतो, हे मी अनुभवाने सांगते. त्यातून माझे नियमही ठरले. गोष्ट इतकी लहान हवी, की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. तिला ठरलेली वेळ हवी. शक्यतो ती उंबऱ्याबाहेर असावी. आणि दिवसातल्या एका तरी गोष्टीत दुसरं माणूस असावं.

याने सगळ्यांचं भागतं असं मात्र कुणी समजू नये. माझ्या मावसबहिणीला उठून दात घासणंही शक्य नव्हतं. तिला गोळ्यांनीच उभं केलं, आणि गोळ्या लागू पडल्यावर ती चालायला लागली. अशा माणसाला ‘‘जरा फिरून ये, बरं वाटेल’’ म्हणणं क्रूर आहे. झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तो फोन करणं हीसुद्धा आधी पाय उचलण्याचीच गोष्ट आहे.

हल्ली मला आणखी एक जाणवतं. मला जे फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळालं त्याची किंमत आधी कुणीतरी दिलेली आहे. शिवाजी पार्क 1925 मध्ये पालिकेने लोकांसाठी खुलं केलं, अठ्ठावीस एकरांवर इमारती न बांधता. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 मध्ये वाचनवेड्या माणसांनी उभं केलं. राणीच्या बागेच्या पुनर्विकासाचा आराखडा 2007 च्या सुमारास आला तेव्हा सामान्य नागरिक झाडांसाठी उभे राहिले, म्हणून माझ्या वाट्याला उर्वशी आली. आकाशवाणी, पालिकेचं रुग्णालय, तिथली पगारी समुपदेशक, सगळं सार्वजनिक आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते मन रमवायला कुठेही जाऊ शकतात. बाकीच्यांचं मन या मैदानांवर, बागांवर आणि वाचनालयांवर टिकून राहतं.

म्हणून मी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भरली आहे. आमच्या गल्लीतल्या झाडावर छाटणीची नोटीस लागली की ती वाचते, आणि गरजेपेक्षा जास्त तोड असेल तर वॉर्ड ऑफिसला हरकतीचा अर्ज देते. अर्ज लिहिण्याच्या तासापुढे, तक्ता भरत असते तर, दुसऱ्या रकान्यात नऊ पडले असते.