शनिवारच्या तिरंदाजासाठी चामड्याची चंची

अमेरिकन माणूस शनिवार-रविवारी काय करेल ह्याचा काही नेम नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेत एक वयस्कर कारागीर होते. अबोल गृहस्थ. तोंड उघडलंच तर ते एका इंचाच्या हजाराव्या भागावरून आमच्याशी भांडायला. पण ऑक्टोबर लागला की हेच गृहस्थ शनिवारी लोकरीची टोपी घालून, पाठीवर बाणांचा भाता लावून चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात निघून जायचे. हे इंग्लंड ह्यूस्टनच्या वायव्येला, टॉड मिशन नावाच्या चिमुकल्या गावी भरतं. त्याचं नाव टेक्सास रेनेसान्स फेस्टिव्हल, आणि तो १९७४ पासून चालू आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ह्या जत्रांची सुरुवात १९६३ साली लॉस एंजेलिसला झाली. फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिका मुलांना नाटक शिकवायच्या. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन ह्यांनी एका रेडिओ केंद्राला पैसे उभे करून द्यायला जुन्या इंग्लिश बाजाराची जत्रा भरवली. लोकांना ती इतकी आवडली की पुढे देशभर तशा जत्रा निघाल्या. राणी, सरदार, लोहार, घोड्यावरच्या भालाझुंजी आणि हातभर लांब भाजलेली टर्कीची तंगडी, असा सगळा थाट असतो. इतिहासाचं सोवळं फारसं कोणी पाळत नाही. चाचे येतात, पऱ्या येतात, खुशाल टोकदार कानांची माणसंही येतात. पण जे दरवर्षी येतात ते आपल्या पात्राबाबत फार काटेकोर असतात.

तर आमचे हे तिरंदाज निवृत्त व्हायचे ठरले, वर्गणी जमली, आणि भेट निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर "तू मटेरियल्सवाला ना, तुला चामड्यातलं कळत असेल." मला कळत होतं ते धातूंमधलं. पण ह्या निमित्ताने जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे.

पहिला धडा असा की भेट त्या माणसाला द्यायची नसते, त्याच्या पात्राला द्यायची असते. सोनेरी वेलबुट्टीचा पट्टा कितीही देखणा असला तरी तो सरदाराचा. गावच्या तिरंदाजाने तो घातला तर आपल्याकडे नाटकात हुजऱ्याने महाराजांचा जिरेटोप घालावा तसं दिसेल. मनगटपट्ट्याचंही तसंच. दुकानात दोन्ही हातांना नाड्यांनी आवळायची जोडी मिळते, ती शोभेची. खऱ्या तिरंदाजाला एकच लागतो. ज्या हातात धनुष्य धरायचं त्या हाताच्या आतल्या बाजूला तो बांधतात, म्हणजे सुटलेली प्रत्यंचा कातडी सोलत नाही. उजव्या माणसाला तो डाव्या हाताला लागतो. आमच्या गृहस्थांनी तर तो स्वतःच बनवलेला होता, म्हणजे ती वाट बंद. अंगात घालायच्या कंचुक्या, जाकिटं वगैरे मापाच्या वस्तू समोर उभं करून मापं घेतल्याशिवाय घेऊच नयेत. उरतं ते कमरेचं सामान: लांब शेपटीचा कडीचा पट्टा, पेला अडकवायचा बंद, तलवार अडकवायचा चामडी खोपा (ह्याला इथे का कोण जाणे 'फ्रॉग' म्हणतात) आणि कमरेची थैली. थैली मला एकदम पटली. त्या काळच्या साध्या माणसाचा सगळा संसार कमरेलाच लटकलेला असे. आपल्या आजोबांची पानाची चंची आठवा. फक्त हल्ली त्या चंचीत मोबाइल आणि गाडीची किल्ली मावावी लागते, आणि ती झाकणाखाली लपावीही लागते!

दुसरा धडा चामड्याचा. कातडं मुख्यतः दोन प्रकारे कमावतात. एक क्रोमियमच्या क्षारांनी. हे काम एक-दोन दिवसांत होतं, चामडं मऊ आणि लवचीक होतं. दुसरी रीत झाडांच्या सालींतल्या टॅनिनची. तिला आठवडे, कधी महिने लागतात. पण असं चामडं ओलं करून साच्यावर बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरतं, आणि त्यावर ठोकलेली नक्षी टिकते. म्हणून ह्या वेषभूषेतलं कडक, नक्षीदार सामान जवळजवळ सगळं सालीच्या चामड्याचं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघायची. क्रोमच्या चामड्यात आत बरेचदा निळसर-करडी रेघ दिसते, सालीचं चामडं बहुधा आतपर्यंत तपकिरी असतं. जाडी इथे औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. पट्ट्याला आठ-नऊ औंस हवेत, थैलीला त्याच्या निम्मे पुरतात.

मग शिवण. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या टाक्यात मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट दिशांनी जातात. एका ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू शिवण धरून ठेवते. इंजिनियरच्या मनाला ह्याहून जास्त काय पटणार?

जत्रेतल्या एका दुकानातून मी थैली घेतली. एकशेवीस डॉलर. वर्गणीदारांपैकी एकाने लगेच इंटरनेटवर पंचवीस डॉलरची 'अगदी तशीच' काढून दाखवली. मी दुकानदाराला सरळ विचारलं होतं, किती वेळ लागतो? "सहा तास," तो म्हणाला, "आणि त्याआधी शिकायला अकरा वर्षं." त्याच्यापुढे लोक रांगेत उभे होते, त्याला 'मास्टर' म्हणत होते, आणि घासाघीस कोणी करत नव्हतं.

हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, चामड्याची वस्तू कोणी भेट देतं का?" तिचं खोटं नाही. आपल्याकडे देत नाहीत. पण का देत नाहीत, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कोल्हापुरी चपलेचं चामडं ह्याच जातीचं: बाभळीची साल आणि हिरडा ह्यांत कमावलेलं, हाताने शिवलेलं. म्हणजे जे कसब इथे रांगेत उभं राहून बघतात, ते आपल्याकडे शतकानुशतकं होतं. आणि ज्यांच्या हातात होतं त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं, त्यांचा स्पर्श टाळला, आणि त्यांनी केलेली चप्पल मात्र ऐटीत करकर वाजवत मिरवली. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला मिरवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळणं रास्तच होतं. पण त्यातल्या किती जणांनी चप्पल घेताना पन्नास रुपयांसाठी कारागिराशी हुज्जत घातली नव्हती?

थैली गृहस्थांना मिळाली. त्यांनी झाकण उघडलं, कड अंगठ्याने चाचपली, टाके मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाले, "हाताची आहे." त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

तुमच्यापैकी कोणी अशी भेट आणणार असेल तर एक सूचना. चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ह्यूस्टनच्या काय आणि कोकणाच्या काय, दमट हवेत बुरशी धरते. सुती फडक्यात गुंडाळा. आणि पुढच्या खेपेला मी कोल्हापूरला जाईन तेव्हा भाव विचारायच्या आधी तोच प्रश्न विचारणार आहे: ही करायला किती वेळ लागला?