बांधावरची सायकल

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात आत मोटार नेता येत नाही. मुंबईहून कोटामार्गे दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीतून उतरायचं, रात्र गावात काढायची आणि उजाडायच्या आधी फाटकाशी जाऊन भाड्याची सायकल घ्यायची. सायकल असते ती आपल्या लहानपणीच्या दूधवाल्यांची: काळी, वजनदार, उंच सीटची, मागे भक्कम कॅरिअर आणि दुहेरी स्टँड. गिअर नाहीत, आणि लागतही नाहीत. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या त्या सबंध प्रदेशात चढ म्हणावा असा चढ नाही. सह्याद्रीच्या घाटांत सायकल हाणून ज्याच्या मांड्या भरल्या आहेत, त्याला पहिला अर्धा तास चुकल्यासारखं वाटतं. पाय जोर लावायला बघतात आणि जोर लावायला काही नसतंच. मग हळूहळू शरीर सैलावतं, श्वास जागेवर येतो, आणि डोळे व कान दोन्ही मोकळे होतात.

सुरुवातीचा रस्ता डांबरी आहे. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, पिलूची झुडपं. त्यावर रिक्षा चालतात. त्या चालवणाऱ्यांत शीख बरेच, आणि त्यांच्यापैकी जुने लोक पक्ष्यांचे असे जाणकार आहेत, की नुसत्या उडण्यावरून नाव सांगतात. पण मला ओढ असते ती फुटणाऱ्या कच्च्या वाटांची. आपल्याकडचा तांबडा मुरूम इथे नाही. गाळाची फिकट माती, तिच्यात कुठे बारीक खडी, कुठे विटांचा चुरा. चाकाखाली ती सारखी करकरत असते. दवाने ओली असली की आवाज दबतो, ऊन चढलं की पुन्हा कोरडा होतो. तेवढा एक आवाज सोडला तर माणसाचं म्हणून काही ऐकू येत नाही. डिसेंबरच्या धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही तेव्हा पाणी आधी कानांनीच कळतं. डावीकडे वारकऱ्यांची चुबुक-चुबुक, उजवीकडे जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर, आणि कुठूनतरी वरून जाणाऱ्या पट्टकदंब हंसांचा तो नाकातला, दूरचा, एकमेकांना धरून ठेवणारा आवाज.

या वाटा म्हणजे बांध आहेत. ही गोष्ट मी नकाशावर वाचली होती, पण चाकांना ती आधी कळली. दोन्ही अंगांना पाणी, मध्ये आठ-दहा फुटांची उंचवटलेली पट्टी, तिच्यावर बाभळींची सावली. उद्यानाचे खंड पाडलेले आहेत, आणि एका खंडाचं पाणी दुसऱ्यापासून वेगळं राखणारी ही मातीची धार म्हणजेच सायकलची वाट. मध्येच एखादी झडप लागते, लोखंडी चाकाची, गंजलेली. तिच्यापाशी सायकल स्टँडवर लावून बसावं. पाणी एका बाजूला वीतभर उंच आहे, दुसऱ्या बाजूला खाली, आणि फटीतून झिरपणाऱ्या धारेजवळ ढोकरी मान खांद्यात घालून बसली आहे. तिला ठाऊक आहे की मासे इथूनच जातात.

जगभरातले लोक इथे निसर्ग पाहायला येतात, आणि ही जागा माणसाने पाणी अडवून घडवलेली आहे. मूळचा हा एक सखल खोलगट भाग. अठराव्या शतकात भरतपूरच्या सूरजमल राजाने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यावर अजान बांध घातला आणि हा भाग पावसाळ्यात भरू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने आत छोटे बांध, कालवे, झडपा घातल्या आणि बदकांच्या शिकारीसाठी पाणी राखायला सुरुवात केली. सूरजमल हे नाव मराठी माणसाला परकं नाही. १७५४ साली इथून जवळच्याच कुम्हेरच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर तोफगोळ्याने पडले. त्या वेळी किल्ल्याच्या आत होता तो हाच जाट राजा. आणि सात वर्षांनी, १७६१च्या जानेवारीत, पानिपतावरून उपाशी, थंडीने काकडत, जखमा बांधून परतणाऱ्या मराठ्यांना आपल्या मुलखात थारा, अन्न आणि कपडे दिले तेही त्यानेच. बांधावरून सायकल चालवताना हे आठवलं की पोटात कालवतं. त्या राजाने माती रचून जे केलं त्याच्या कडेला आजही दूर देशाहून आलेले जीव थारा घेतात.

एका सकाळी बराच वेळ मी एकाच चित्रबलाकाकडे पाहत होतो. पाणी त्याच्या गुडघ्याइतकं. चोच अर्धी उघडी, पाण्यात बुडवलेली, आणि डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे झुलतंय. मधूनच एक पाय पुढे टाकून तो तळचा चिखल हलवतो. त्याला मासा दिसत नाही, दिसण्याची गरजही नाही. चोचीच्या आत काही लागलं की ती मिटते, आणि किती वेगाने मिटते ते माझ्या डोळ्यांना टिपता आलं नाही. मासा आडवा होता, तो उभा केला, गिळला, गळ्यातून एक गाठ खाली सरकली, आणि झुलणं पुन्हा सुरू. पाठीमागच्या बाभळीवर त्याच्या जातीची घरटीच घरटी. मोठे पक्षी मुके म्हणावेत असे, फार तर चोचीवर चोच आपटतात. पिल्लांचा मात्र घोगरा आरडाओरडा दूरवर ऐकू जातो. एकाच झाडावर खालच्या फांद्यांवर पाणकावळे, मध्ये बगळे, वर बलाक. विष्ठेने पांढरी झालेली पानं, खाली पाण्यात पडलेल्या माशांसाठी घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि या सगळ्याचा उग्र, खारट, माशांचा वास. छायाचित्रांत हा वास येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. त्याच्यावाचून ही वसाहत समजत नाही.

आता यातला मासा आला कुठून? तो नदीच्या पाण्याबरोबर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये अजान बांधातून पाणी सोडतात तेव्हा त्याबरोबर माशांचं बीज येतं, आणि बलाकांची वीण नेमकी त्याच सुमाराला सुरू होते. नदीचं पाणी वेळेवर नाही आलं तर घरटी होत नाहीत, किंवा झालेली सोडून दिली जातात. उद्यानाला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं असा हिशेब मांडला जातो. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पंचना धरण झालं, आणि प्रत्येक कोरड्या वर्षी प्रश्न तोच: पाणी शेतकऱ्याला की पाखराला? २००४च्या दुष्काळात तो टोकाला गेला. त्यानंतरची काही वर्षं घना, स्थानिक लोक या रानाला याच नावाने ओळखतात, अक्षरशः भेगाळला. नंतर गोवर्धन ड्रेनमधून आणि चंबळच्या नळयोजनेतून पाणी आणण्याची व्यवस्था झाली. ती व्हायलाच हवी होती. पण नळातून आलेलं पाणी तळं भरतं, नदीसारखं ते पेरत नाही. मला वरच्या गावांतल्या शेतकऱ्याला दोषी ठरवायचं नाही, त्याच्या विहिरीचा तळही खराच आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की वाटणी करायला बसताना पाणथळीच्या नावाचं पान मांडलेलं असावं. ते उरलंसुरलं वाढायचं पान नव्हे.

केवलादेव महादेवाचं देऊळ लहानसं आहे. त्याच्याजवळ दगडांत कोरलेली शिकारीची यादी आहे. तारीख, पाहुणे, बंदुका, पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ च्या ओळीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीचा आकडा आहे: ४,२७३. एका दिवसात. मी तो आकडा वाचून सायकलशी परत आलो आणि काही वेळ पायडल मारवेना. ज्या बांधांवरून मी निवांत चाललो होतो त्यांतले काही त्या बंदुकांसाठी घातले होते. स्वातंत्र्यानंतर हे पाणी आणि जमीन शेतीला द्यावी असा रेटा होता. तेव्हा पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी मुंबईहून आपलं सारं वजन खर्चून हा विषय थेट नेहरूंपर्यंत नेला. १९५६मध्ये अभयारण्य झालं, १९८१मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं, १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८५मध्ये जागतिक वारसा. सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस), म्हणजे आपल्या मुंबईच्या संस्थेने, इथे वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि त्यांच्या प्रवासाची गणितं मांडली.

याच संस्थेच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच म्हशींना चराई बंद झाली. गावकरी संतापले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मग पाहण्यात आलं की म्हशी गेल्यावर पाण्यात पास्पॅलम नावाचं गवत असं माजलं, की उघडं पाणी झाकू लागलं आणि मासे नि बदकं दोघांचीही अडचण झाली. शतकभर पाण्यात डुंबणारी म्हैस या व्यवस्थेचा भाग होऊन बसली होती. कुंपण घालणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं. पुढे कोरड्या वर्षांत वेडी बाभूळ पसरली तेव्हा ती मुळासकट काढण्याचं काम आसपासच्या गावांतल्या लोकांनाच दिलं गेलं, लाकूड त्यांनी घरी न्यायचं. हे शहाणपण आधी सुचलं असतं तर काही घरांतली माणसं वाचली असती.

सायकलवरून एक गोष्ट चांगली समजते: पक्ष्यांना चालती सायकल चालते. ती थांबली की माना वर होतात. मोटारीतून उतरणारा माणूस, दार आपटणारा माणूस, घोळक्याने बोट दाखवणारा माणूस यांच्यापुढे पाणी रिकामं होत जातं. सायकलस्वाराचा वेग सारसाच्या चालण्याला जवळचा. एकदा दक्षिणेकडच्या गवताळ भागाच्या वाटेवर सारसांची जोडी माझ्या डाव्या हाताला, चिखलातून, मी जातोय त्याच दिशेने चालली होती. माणसाइतकी उंची, राखाडी अंग, तांबडी मान. मी हळू झालो नाही, घाई केली नाही. बरंच अंतर आम्ही तसे चाललो. मग त्या दोघांनी माना आकाशाकडे ताणून एका सुरात साद घातली, आधी एकाची, तिच्यातच दुसऱ्याची मिसळलेली, आणि माझ्या हँडलला तिचा कंप जाणवला असं मी शपथेवर सांगेन. त्याच वाटेवर पुढे उन्हाला येऊन पडलेले अजगर दिसतात. साळिंदरांनी खणलेल्या बिळांत ते हिवाळा काढतात. खुणेच्या दोरीपलीकडून पाहावं, पुढे जावं.

सारसाचा एक नातलग मात्र आता इथे नाही. सैबेरियन क्रौंच, पांढरा शुभ्र, तांबड्या तोंडाचा, पश्चिम सैबेरियातून अफगाणिस्तानावरून येणारा. १९६४-६५च्या हिवाळ्यात इथे दोनशे मोजले गेले. मग शंभर, मग चाळीस, मग बोटांवर मोजण्याइतके. वाटेतल्या युद्धांनी, बंदुकांनी, आटलेल्या तळ्यांनी ते संपत गेले. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली, त्यानंतर कोणी आलं नाही. ते जिथे कंदमुळं उकरत उथळ पाण्यात उभे असत, तिथून मी आज सायकल चालवतो आणि मला वारकरी, तलवार बदकं, थापटे, चक्रवाक सगळे भेटतात. कमळपक्षी पानांवरून लांब बोटं टाकत जातो. सांबर पोटापर्यंत पाण्यात उभं राहून वनस्पती खातं आणि पाणी गळणारं तोंड वर करून बघतं. इतकं सगळं असूनही त्या पांढऱ्या पक्ष्याची जागा मोकळीच आहे. उद्यानाची भिंत दोन मीटर उंच आहे, पण ती हजारो किलोमीटरच्या वाटेचं रक्षण करू शकली नाही.

आपल्याकडे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नांदूर मधमेश्वरला, असंच आहे. बंधारा घातला, गाळ साचला, बेटं झाली, पक्षी आले. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, आणि २०२०मध्ये ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथल्याही पाण्याच्या पातळीवर वरच्या धरणांचा आणि खालच्या कालव्यांचा हात असतो.

तेव्हा तुम्ही भरतपूरला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पहाटे फाटक उघडताना जा, बॅटरीच्या रिक्षात न बसता सायकल घ्या आणि घेताना ब्रेक व चेन पाहून घ्या. पण त्याआधी ऑगस्टमध्ये एकदा चौकशी करा की यंदा अजान बांधात नदीचं पाणी आलं का. आलं नसेल तरी जा आणि कोरड्या घन्यातल्या भेगा पाहून या. आणि पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात धरणाच्या पाण्याचं वाटप ठरत असेल तेव्हा सिंचन, पिण्याचं पाणी आणि कारखाने यांच्या यादीत पाणथळीचा वाटा लिहिला आहे का ते विचारा. नसेल तर लिहायला लावा.