आई लॅबमध्ये काय करते, हे मराठीत सांगताना



एक विचारू? तुम्ही दिवसभर काय काम करता, हे तुमची मुलं मराठीत सांगू शकतात का? बहुतेक घरांत जेवण, अंघोळ, रागावणं आणि सणवार मराठीत चालतं. कामाचा विषय निघाला की आपणच इंग्रजीवर घसरतो. मग मुलांना वाटतं, मराठी ही फक्त स्वयंपाकघरातली भाषा आणि डोकं चालवायची भाषा वेगळी.

मी इथे पामर्स्टन नॉर्थला पोस्टडॉक आहे. एलईडी दिव्यांसाठी प्रकाश देणारी ऑक्साइडं बनवते. लेक आठ वर्षांची. तिला हे सगळं मराठीतच सांगायचं असं ठरवलं आणि वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

सुरुवात घरातल्या बल्बपासून केली. पांढऱ्या एलईडीच्या आत पांढरा प्रकाश मुळी तयारच होत नाही. आतली चिप निळा प्रकाश देते. (हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं.) चिपवर पिवळ्या भुकटीचा थर असतो. ही भुकटी म्हणजे यट्रियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, त्यात चिमूटभर सेरियम. थोडा निळा प्रकाश ती गिळते आणि पिवळा करून परत देते. उरलेला निळा आणि हा पिवळा मिसळला की डोळ्याला पांढरं दिसतं. अशा भुकटीला फॉस्फर म्हणतात. त्यात फॉस्फरस असलाच पाहिजे असं मात्र नाही.

आता गोम अशी की या मिश्रणात लाल रंग कमी पडतो. स्वस्त बल्बखाली टोमॅटो मरगळलेले आणि माणसं आजारी दिसतात ती त्यामुळेच. चांगले लाल फॉस्फर आहेत, पण त्यातले बरेचसे नायट्राइड. ते बनवताना हवेपासून जपावं लागतं, खर्च वाढतो. ऑक्साइड साध्या हवेत भाजता येतं. युरोपियम घातलेलं ऑक्साइड लाल रंगही सुरेख देतं, बऱ्याच ट्यूबलाइटमध्ये ते असायचं. पण निळा प्रकाश ते नीट गिळत नाही. त्याला तो गिळायला लावणं, हे माझं काम.

आणि ही कृती सांगायला मराठीत शब्द किती आहेत! अकीक दगडाच्या खलात पावडरी घोटायच्या, मुशीत भरायच्या, भट्टीत 1200 ते 1500 अंशांवर काही तास भाजायच्या. खल, मूस, भट्टी हे सगळे शब्द वैद्यांच्या आणि सोनारांच्या घरात होतेच. नागपूर विद्यापीठात फॉस्फरवर कितीतरी वर्षं काम चालत आलंय, मीही तिथलीच. पण तिथे असताना मी हे शब्द कधी वापरले नाहीत. ते इथे येऊन आठवले.

युरोपियम जास्त घातलं तर प्रकाश वाढत नाही, उलट कमी होतो. का? तर अणू फार जवळ आले की ऊर्जा एकमेकांना देत बसतात, कानगोष्टींच्या खेळासारखी, आणि शेवटी ती कुठल्यातरी खोटात शिरून उष्णता होऊन जाते. याला इंग्रजीत क्वेंचिंग म्हणतात. मी म्हटलं, "प्रकाश विझतो." व्हिडिओ कॉलवर माझी आई होती, ती लगेच म्हणाली, "दिवा विझला म्हणू नये गं, शांत झाला म्हणावं." तेव्हापासून लेक मला विचारते, "आज कुठला नमुना शांत झाला का?"

तुम्हाला करून बघायचं असेल तर हळद घ्या. चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवा, अंधारात अतिनील टॉर्च मारा. हिरवट पिवळी चमकते. टॉनिक वॉटरही निळं चमकतं. टॉर्च डोळ्यांवर मारायचा नाही, एवढं मुलांना आधीच सांगा. पामीत जूनमध्ये पाचलाच अंधार पडतो, म्हणून प्रयोग हिवाळ्यात सोपा. दिवाळीत इथे आठपर्यंत उजेड, पणत्यांसाठीसुद्धा ताटकळावं लागतं!

एक गोष्ट मात्र मराठीत सांगूनही सोपी झाली नाही. पोस्टडॉक ही पदवी नव्हे, मुदतीची नोकरी. नागपूरला अजून विचारतात, "शिक्षण संपलं नाही का?" लेक विचारते, "तुझं लाल जमलं नाही तर आपण पामी सोडायचं का?" जमलं तरी सोडावं लागू शकतं, हे मी तिला सांगितलं, कारण पुढचा निधी माझ्या भुकटीच्या रंगावर ठरत नाही. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. तिने कॅलेंडरवर मार्चभोवती लाल पेनाने गोल केलाय आणि शेजारच्या मैत्रिणीला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी जे दर दोन-तीन वर्षांनी देश बदलत राहिलेत, त्यांनी मुलांना हे कधी आणि किती सांगितलं? खाली लिहा ना. मराठीत.