अजाजेलाचा स्पर्श

१९९८ सालचा ‘फॉलन’ हा अमेरिकन बोलपट मी पाहिला. फिलाडेल्फियातील हॉब्ज नामक डिटेक्टिव्ह खुनांचा माग काढितो. परंतु करविता अजाजेल नामक दुरात्मा असून तो नुसत्या स्पर्शाने एका देहातून दुसऱ्या देहात शिरतो. मग ठसे घ्यावे तरी कोणाचे? लेवीयाच्या १६ व्या अध्यायात रानात सोडावयाच्या बकऱ्याच्या विधीत हे नाव येते. युक्ति चतुर खरी. पण भर रस्त्यात तो हातोहात जाऊ लागला, तेव्हा माझे मन निराळीकडेच गेले. स्पर्शाचे भय आम्हांस का कोणी शिकवावे! माझ्या आजीची सावली अंगावर पडू नये म्हणून लोक वाट सोडीत. मुलांनो, मार्क १:४१ काढा. कुष्ठरोग्यापुढे प्रभु आधी हात लावितो, मग बोलतो.